दुर्गम तालुक्यात राहायला जाण्याआधी काय तपासावं: पोलादपूर समोर ठेवून

शहर सोडून डोंगरातल्या एखाद्या तालुक्यात जमीन घ्यायची, घरचं धान्य, घरचं पाणी, घरची वीज यांवर राहायचं, आणि चार-आठ दिवस जगाशी संबंध तुटला तरी घर चाललं पाहिजे, असं ठरवणारे आता बरेच आहेत. त्यातले बहुतेक जण जागा बघायला डिसेंबर-जानेवारीत जातात. तेव्हा ओढा वाहत असतो, रस्ता कोरडा असतो, हवा छान असते. एजंटही तेव्हाच बोलावतो. पण डोंगरी तालुका पास की नापास हे ठरतं दोन वेळा: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाण्यावर आणि जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात रस्त्यावर. बाकी सगळं या दोघांच्या मागून येतं.

उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा पोलादपूर तालुका घेतला आहे. सावित्रीचं खोरं, पूर्वेला महाबळेश्वरचा कडा, मधून मुंबई-गोवा महामार्ग. आत ढवळी, कामथी यांच्या खोऱ्यांत विखुरलेल्या वाड्या, आणि त्यांतली अर्धीअधिक तरुण मंडळी मुंबईला. वेल्हे, गगनबावडा, शाहूवाडी, दोडामार्ग, कुठेही जा, तपासणीचा क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: घरबसल्या कागद

प्रवासाचा खर्च करण्याआधी तीन कागद पाहा.

एक, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर असतो. त्यात पूरप्रवण आणि दरडप्रवण गावांच्या याद्या गावाच्या नावानिशी असतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर दरडींच्या शक्यतेचे नकाशेही पाहता येतात. गावाचं नाव यादीत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, पण आहे तर तिथे घर बांधण्याचा विचार सोडा. शेती तिथे आणि घर दुसरीकडे, हा मार्ग तरीही उरतो.

दोन, टंचाई कृती आराखडा. जिल्हा परिषद तो दरवर्षी तीन टप्प्यांत करते: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. यात कोणत्या वाडीला टँकर लागणार, कुठे विहीर अधिग्रहित करणार, हे लिहिलेलं असतं. गेल्या पाच वर्षांचे आराखडे पंचायत समितीत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर मागा. ज्या वाडीचं नाव पाचपैकी तीन वर्षं आलंय, तिथे स्वतःचं पाणी साठवण्याची तयारी नसेल तर जाऊ नका. नवख्या माणसाला हे पटत नाही, कारण पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकर लागतात. खाली काळा कातळ, वर उतार; पाणी थांबायला जागाच नाही.

तीन, सातबारा. सरकारच्या ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर तो दिसतो, पण बघायचं ते ‘इतर हक्क’ या रकान्यात. तिथे वन खात्याचा किंवा खाजगी वनाचा शेरा असेल तर थांबा. महाराष्ट्र खाजगी वने संपादन अधिनियम १९७५ खाली गेलेल्या जमिनींचे वाद कोकणात अजून मिटलेले नाहीत, आणि अशी जमीन घेतल्यावर झाडाची फांदीही तोडता येत नाही. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगरआदिवासीने तिच्या वाटेलाच जाऊ नये. कुळकायद्याचं बंधन लिहिलेलं असेल तर ते उठलंय का ते फेरफारावरून पाहा. आणि मुख्य म्हणजे तुम्ही स्वतः शेतकरी आहात का? कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘आम्ही दाखला करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. खोट्या दाखल्यावरची खरेदी पुढे रद्द होते आणि जमीनही जाते.

शेतजमिनीत तुकडेबंदीही लक्षात ठेवा. २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून व्यवहाराच्या आठवड्यात तलाठी कार्यालयात पुन्हा विचारा.

कोकणातलं खास दुखणं म्हणजे सामाईक सातबारा. एका गटावर वीस-तीस नावं, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारले, वारस नोंद नाही. एका भावाने तुम्हाला ‘त्याचा हिस्सा’ विकला तरी तो हिस्सा जमिनीवर नेमका कुठे, हे कोणीच सांगू शकत नाही. आधी वाटप, मग भूमी अभिलेख खात्याची मोजणी, मग पैसे. हा क्रम उलटा करणाऱ्यांची भांडणं पिढीभर चालतात. रस्त्याचंही तसंच. ‘इथूनच जातो सगळे’ हा रस्ता नव्हे. नकाशावर किंवा दस्तात वाट दिसली पाहिजे. नसेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, पण त्यात वेळ जातो आणि ज्यांच्या बांधावरून मागता ते तुमचे कायमचे शेजारी असतात.

दुसरी पायरी: मेमधलं पाणी

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मेच्या पंधरा तारखेनंतर जा, सोबत पंधरा लिटरची बादली, मोबाइलवरचं घड्याळ, वीस मीटर दोरी आणि मोजपट्टी घ्या.

झरा असेल तर बादली भरायला किती वेळ लागतो ते तीनदा मोजा. एका मिनिटात भरली तर दिवसाला २१,६०० लिटर, वाडीसुद्धा जगते. दहा मिनिटं लागली तर २,१६० लिटर. एका घराला भरपूर, पण त्यावर आणखी कोणाचा हक्क आहे ते विचारा. अर्धा तास लागला तर ७२० लिटर. पिण्याचं निभेल, गुरांचं कसंबसं, भाजीचं नाही. आणि झरा ज्या डोंगरातून येतो त्याच्या माथ्यावर काय आहे ते चढून पाहा. वर झाडी तोडून प्लॉट पाडायचं काम सुरू असेल तर आजचा हिशोब पाच वर्षांनी चालणार नाही.

विहीर असेल तर पाण्याची खोली बघून उपयोग नाही, आवक बघायची. संध्याकाळी सगळ्यांचं पाणी भरून झालं की दोरीला गाठ मारून पातळी घ्या, पहाटे पहिला कळशीवाला येण्याआधी पुन्हा घ्या. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १० सेंटिमीटर चढली म्हणजे साधारण ७०० लिटर पाणी आलं. रात्रभरात ३० सेंटिमीटर म्हणजे २,१०० लिटर. यात व्यास महत्त्वाचा: दीड मीटर व्यासाच्या विहिरीत तेवढीच चढ म्हणजे चौथा हिस्सा पाणी. लोक इथे हमखास चुकतात आणि अरुंद विहिरीतलं ‘भराभर चढणारं’ पाणी बघून खूश होतात.

बोअरवेलवर भिस्त ठेवू नका. सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत असतं. भेग लागली तर लागली, नाही तर कोरडा दगड. शेजारच्या बोअरला पाणी आहे याचा अर्थ तुमच्या बोअरला लागेल असा होत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात त्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मिळतात, त्या आधी पाहा.

आता गरज किती ते मांडू. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांचे २७५ लिटर. गाय-म्हशीला उन्हाळ्यात ५० ते ७० लिटर, शेळीला पाचेक लिटर. फेब्रुवारीपासून जूनच्या दहा तारखेपर्यंत १३० दिवस धरले तर माणसांचे ३५,७५० लिटर आणि एका गाईचे साठाने ७,८०० लिटर. हा आकडा बघून माणूस घाबरतो आणि लाखभर रुपयांच्या टाकीचा विचार करतो. त्याआधी पाण्याचे दोन भाग करा. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी १० लिटर, म्हणजे दिवसाला ५० आणि १३० दिवसांना ६,५०० लिटर. एवढं पावसाचं पाणी पाच हजार लिटरच्या दोन टाक्यांत बसतं. धुण्या-भांड्याचं आणि गुरांचं विहिरीतून आलं, थोडं गढूळ असलं तरी चालतं.

छतावर पाऊस पुरेसा आहे का हा प्रश्न कोकणात पडतच नाही: ६० चौरस मीटर छत, ३,००० मिलिमीटर पाऊस, गळती-उधळण धरून ८० टक्के, म्हणजे १,४४,००० लिटर. कमी पडते ती टाकी. टाकी जूनमध्ये भरून ठेवू नका. जून-जुलैचं पाणी तसंच वापरा, टाकी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात धुवा आणि परतीच्या पावसावर भरा. छत तोवर स्वच्छ धुतलेलं असतं. टाकी काळी हवी, नाही तर शेवाळ येतं. नळ तळापासून चार बोटं वर. झाकणाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, नाही तर डासांची पैदास तुमच्याच घरी. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते पाणी प्यायला घेऊ नका.

शुद्धीकरणाला गावात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मिळते. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम, बादलीत कालवून, निवळून, वरचं पाणी टाकीत. अर्धा तास थांबून मग वापरायचं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओ.टी. तपासणीचं, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं औषध असतं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन उरलाय. रंग आला नाही तर बहुतेक वेळा पावडर मेलेली असते. दमट हवेत उघडी पिशवी महिन्या-दीड महिन्यात निकामी होते. लहान पुडे आणा, प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा, लोखंडी पत्र्याला लागू देऊ नका.

तिसरी पायरी: जुलैचा रस्ता

२२ जुलै २०२१ ची रात्र समोर ठेवली की या भागाचा स्वभाव कळतो. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी सावित्रीतून खाली आलं, महाड शहर बुडालं. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, शेजारच्या महाड तालुक्यात तळिये गाडलं गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आंबेनळी घाटात रस्ता जागोजाग तुटला. म्हणजे पूर्वेकडे घाट बंद आणि उत्तरेकडे महाड पाण्यात. दवाखाना, पेट्रोल, वीज दुरुस्तीची माणसं, बहुतेक सगळं त्याच दोन बाजूंनी येतं.

नकाशावर गावातून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा काढा. प्रत्येक वाटेवर कमकुवत ठिकाणं कोणती ते लिहा: साकव (ओढ्यावरचा लहान पूल), फरशी (पाण्यातून जाणारा सपाट बांध), कापलेला डोंगर, नदीकाठचा पट्टा. मग बघा की एकाच पावसात किती वाटा एकदम बंद होतात. दोन वाटा असून दोन्ही एकाच साकवावरून जात असतील तर ती एकच वाट. आणि पूल आहे म्हणून भागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूलच वाहून गेला, तो महामार्गावरचा होता.

माणसांना प्रश्न विचारताना ‘इथे पावसात त्रास होतो का’ असं विचारू नका. ‘काय त्रास नाय, आमची सवय हाय’ हेच उत्तर येणार, आणि ते खोटंही नसतं; त्यांची सवय असते, तुमची नसते. घटना विचारा. २०२१ ला दरड आली तेव्हा लाइट किती दिवसांनी आली? दुकानात काय संपलं? बाळंतीण कशी नेली? मुक्कामी एसटी जुलैत गावापर्यंत येते की फाट्यावरूनच फिरते? हा शेवटचा प्रश्न लाखाचा आहे. मुक्कामी गाडी पावसाळाभर येत असेल तर रस्ता बरा आहे. फाट्यावर थांबत असेल तर फाट्यापर्यंत पाठीवर गॅस सिलिंडर घेऊन एकदा चालून बघा.

कोणाला विचारायचं हेही ठरवून घ्या: एसटीचा कंडक्टर, महावितरणचा वायरमन, आशाताई, किराणा दुकानदार, पोलीस पाटील. सरपंच गावाची बाजू मांडतो, जमीनवाला जमिनीची. वायरमनला कोणाचीच बाजू मांडायची नसते.

जुलैत स्वतः किमान चार दिवस राहा, हॉटेलात नाही, त्याच वाडीत.

चौथी पायरी: घराची जागा

दरडीखाली गेलेल्या वस्त्या आठवा: माळीण ३० जुलै २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही ठिकाणी तीव्र उताराच्या पायथ्याशी किंवा अंगावर वस्ती आणि मुसळधार पाऊस. घरासाठी सपाटी नसली की लोक डोंगर कापून सपाटी करतात, आणि मागच्या बाजूला दोन पुरुष उंच उभी कड राहते. उताराचा पाया कापला की वरच्या मातीला टेकू राहत नाही; पाणी मुरलं की ती खाली येते. जेसीबीने पाडलेली ‘तयार सपाटी’ स्वस्तात मिळत असेल तर ती घेऊ नका.

जागेवर गेल्यावर हे बघा. झाडांचे बुंधे मुळाशी वाकून मग सरळ झालेत का (जमीन हळूहळू सरकते आहे). विजेचे खांब, कुंपणाचे दगड कललेत का. वरच्या पठारावर कड्याला समांतर भेगा आहेत का. हे बघायला चढावंच लागतं, खालून दिसत नाही. जुन्या ओहोळाच्या तोंडाशी मोठे गोल-चपटे दगड मातीत मिसळून पडलेत का. तसे असतील तर तिथे पूर्वी मलबा आला आहे आणि पुन्हा येणार. नव्या मालकांना हीच जागा आवडते, कारण ती पंख्यासारखी पसरलेली, सौम्य उताराची आणि सुपीक असते.

मुक्कामाला गेल्यावर घरासमोर पावसाचं माप ठेवा: सरळ बाजूंची बरणी आणि मोजपट्टी पुरते. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. सलग दोन-तीन दिवस पाऊस लागलेला असताना संध्याकाळपर्यंत बरणीत २०० भरले की रात्र उताराखालच्या घरात काढायची नाही, हा नियम करून टाका. अचानक नवा झरा फुटला, ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा भर पावसात ओढा आटला, दारं-खिडक्या अडकायला लागल्या, तर मापाची वाट बघू नका. कुठे जायचं ते उन्हाळ्यातच ठरलेलं असावं, अंधारात बॅटरी घेऊन जाता येईल अशी वाट.

पाचवी पायरी: दवाखाना

तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय असतं, खोऱ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र. इमारत बघून परत येऊ नका. रात्री डॉक्टर तिथेच राहतात का? सर्पदंशाच्या लसीच्या किती बाटल्या आत्ता कपाटात आहेत? विषबाधेची लक्षणं असतील तर पहिला डोसच दहा बाटल्यांचा असतो; दोन-तीन बाटल्या असतील तर त्या केंद्राचा उपयोग फक्त पुढे पाठवण्यापुरता. १०८ ला फोन केल्यावर गाडी कुठून निघते आणि पावसात किती वेळात पोचते?

ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. सह्याद्रीतला हिरवा चापडा हा विषारी साप तिच्यात येत नाही. दंश झाला की करकचून बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि निघायचं. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम शेजारच्या महाडचंच, त्यामुळे या पट्ट्यात विंचवाचं औषध डॉक्टरांना नवं नाही. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. लावणीआधी प्रतिबंधक गोळ्यांचं आरोग्य केंद्रात विचारा. दोडामार्ग-बांदा भागात जाणार असाल तर माकडतापाची (गोचिडांतून होणाऱ्या तापाची) माहिती घ्या, २०१६ पासून तिथे रुग्ण सापडत आले आहेत.

घरात डायलिसिसचा रुग्ण असेल तर असा तालुका नको. इथे तडजोड नाही.

सहावी पायरी: पोट

पाच माणसांना वर्षाला साधारण ६०० किलो तांदूळ लागतो, म्हणजे नऊ-सव्वानऊ क्विंटल भात. बरी जमीन, बरा पाऊस असला तर एकरी दहा क्विंटल. म्हणजे एक एकर भातखाचर म्हणजे घरचा तांदूळ, बियाणं काढलं की जवळजवळ काहीच न उरता. लावणीला एकराला दहा-बारा माणसं दिवसभर लागतात, आणि तुमची लावणी त्याच दिवशी असते ज्या दिवशी सगळ्या गावाची असते. मजूर मिळत नाहीत हे रडगाणं खरं आहे, कारण गावात माणसंच नाहीत. नेरळकडून पसरलेलं सगुणा भात तंत्र, म्हणजे गादीवाफ्यावर टोकणणी, नांगरणी-लावणीशिवाय, याच अडचणीवर उत्तर म्हणून बघा. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत नाचणी, वरी. भातामागून ओलीवर वाल, कुळीथ, चवळी.

पण पिकापेक्षा आधी वानरं आणि रानडुकरं. भाजीपाला, नारळ, भुईमूग, कंद हे सगळं त्यांच्या हवाली होऊ शकतं. आंबोली, राधानगरी, आजरा पट्ट्यात गवे. दोडामार्ग-चंदगडला २००२ पासून हत्ती. शेजारच्यांनी काय लावायचं सोडून दिलंय ते विचारा. ती यादी म्हणजे तुमच्या स्वावलंबनातली वजाबाकी. चौकोनी एकराला सुमारे २५५ मीटर कुंपण लागतं. सौरकुंपण, म्हणजे झटका मशीन, चालतं, पण पावसाळ्यात तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत जातो आणि डुकरं आत. दर आठवड्याला तारेखालचं गवत काढावं लागतं. थेट लाइटची तार लावणं गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मरतात.

आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्याआधी करायची साठवण, हा इथला जुना शहाणपणा, तो जसाच्या तसा घ्या. जून ते सप्टेंबर पाच माणसांना तांदूळ २०० किलो, डाळी-कडधान्य ३० किलो, तेल १६ ते १८ लिटर, मीठ १० किलो, गूळ-साखर १५ किलो, कांदे ४० किलो (माळ्यावर टांगून, जमिनीवर कुजतात), आमसुलं, मसाला, सुकी मासळी. चुलीला दिवसाला पाच किलो धरले तर ६०० किलो वाळकी लाकडं मेअखेर पडवीत हवीत. १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर एक जास्तीचा. भात सालासकट ठेवलं तर तांदळापेक्षा जास्त टिकतं, पण गिरणीला वीज लागते, म्हणून महिनाभराचा तांदूळ कांडून तयार असू द्या. दाणा दातांखाली कटकन तुटला पाहिजे. मऊ चावला गेला तर आणखी दोन उन्हं द्या, नाही तर ऑगस्टमध्ये कणगीत टोके आणि बुरशी. किडीसाठी विषारी गोळ्या राहत्या घरात ठेवू नका, त्यांच्या वायूने माणसं दगावतात.

वीज आणि फोन

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. घराचा आणीबाणीचा भार मांडा: ९ वॅटचे चार दिवे पाच तास १८०, मोबाइल ४५, कमी विजेचा एक पंखा आठ तास २४०, मिळून साडेचारशे-पाचशे वॅट-तास. १५० अँपिअरची शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटली तर ९०० वॅट-तास, म्हणजे जेमतेम दोन रात्री. एक किलोवॅटचं पॅनेल एरवी दिवसाला चार युनिट देतं, जुलैत एक-दीड. म्हणून ५०० वॅटपेक्षा कमी पॅनेल घेऊ नका. बॅटरी पावसाळ्यात अर्धवट भरलेली राहून आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरते आणि दिवाळीला मरते, हा नेहमीचा शेवट. शक्य असेल तर लिथियम घ्या. वळवाच्या आणि परतीच्या विजांसाठी अर्थिंग हवंच, आणि फोनवर वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप. टॉवरला डिझेल पोचलं नाही की सगळ्या कंपन्यांचे फोन एकदम बंद होतात. सेलवर चालणारा रेडिओ दोनशे-चारशे रुपयांत येतो.

शेवटी माणसं, आणि एक वर्ष भाड्याने

पाण्याची पाळी, देवाची पालखी, वाट साफ करायचं काम, या सगळ्याला गावकी असते. वर्गणी वेळेवर द्या, ग्रामसभेला जा, पहिल्या वर्षी कोणालाही काही शिकवू नका. दरड आल्यावर तुम्हाला काढणारे हेच. बचाव पथक रस्ता मोकळा झाला की येतं.

जमीन घेण्याआधी वाडीतलं एखादं बंद घर भाड्याने घ्या. मुंबईला गेलेल्यांची घरं असतात, घर वापरात राहतं म्हणून देतात. शेत मात्र कागदावर खंडाने मागू नका. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क लागेल, या धास्तीने मालक घरही नाकारेल. परसातले चार गुंठे तोंडी मागून घ्या. करार अकरा महिन्यांचा असतो आणि लोक तो दिवाळीनंतर करतात. तुम्ही एप्रिलच्या एक तारखेपासून करा. मेमधली विहीर, जुलैचा रस्ता, ऑक्टोबरच्या विजा आणि कापणीच्या वेळची डुकरं, हे सगळं फेब्रुवारीत करार संपायच्या आत बघून होतं, आणि मार्चमध्ये तलाठ्याकडे कोणता गट नंबर घेऊन जायचं हे कोणाला विचारावं लागत नाही.